घरचा हात

४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. टाके सुकले, ताप नाही, जेवण जातंय, हे वाचून बरं वाटलं. पोटावरच्या चारही भोकांना आता पट्टीची गरज नाही. आंघोळ खुशाल कर. जड मात्र उचलू नकोस. जड म्हणजे पाण्याची बादली आणि ओल्या चादरींचा गठ्ठा, दोन्ही. काकांना सांग, महिनाभर लॉन्ड्रीतले गठ्ठे त्यांनीच उचलायचे.

आता एक काम. ऑपरेशनमध्ये काढलेली पित्ताची पिशवी आम्ही तपासायला पाठवतो. सगळ्यांचीच पाठवतो, पद्धत आहे. तुझ्या पिशवीत एका बाजूला काही पेशी हव्या तशा दिसल्या नाहीत. घाबरण्यासारखं काही नाही, थोडं काम राहिलंय असं समज. एक स्कॅन करून मोठ्या हॉस्पिटलात आमच्या मोठ्या मॅडमना दाखवायचं. लिव्हरच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मी त्यांच्याशी बोललोय, येत्या सोमवारी त्या तुला बघतील. मी त्या दिवशी ड्यूटीवर आहे, म्हणून काकांबरोबर जा.

काकांना नमस्कार.

तुझा
ठोंब्या


९ नोव्हेंबर

ठोंब्या,

आशीर्वाद. तुझं पत्र आधी मी वाचलं, मग तुझ्या काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, मग ते दुकानात गेल्यावर पुन्हा एकदा वाचलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस रे? शाळेसाठी माझ्याकडे राहायचास तेव्हा शेजारणीची काच फोडून आलास आणि आधी पंधरा मिनिटं हवापाण्याबद्दल बोललास. तसंच वाटलं मला हे पत्र.

काम राहिलंय ना? मग ये आणि पुरं कर. तुझ्या मॅडम मोठ्या असतील, मला काय त्यांच्याशी सोयरीक करायची आहे? घरात सर्जन असताना परक्या बाईच्या दारात जायचं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. तुझे काढलेले खडे मी बाटलीत घालून काउंटरवर ठेवलेत. कपडे न्यायला आलेल्या प्रत्येकाला दाखवते, म्हणते माझ्या भाच्याने काढले, टाकासुद्धा दिसत नाही. काल एक गृहस्थ बाटली पाहून सूट न घेताच पळाले. काका म्हणतात, बाटली आत ठेव, धंदा बुडेल.

सोमवारी मी गेले नाही. तुला कोणता वार सोयीचा ते कळव.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू ‘हो हो, बरं बरं’ करून सुटतोस आणि दुकानातली गिऱ्हाइकं कान टवकारून उभी असतात. पत्रात माणसाला वाक्य पुरं करावं लागतं. हॉस्टेलला गेलास तेव्हापासूनचा आपला नियम आहे, डॉक्टर झालास म्हणून मोडायचा नाही.

तुझी
मावशी


१३ नोव्हेंबर

मावशी,

तू गेली नाहीस हे वाचून मला घाम फुटला. आता सरळ लिहितो. मागच्या वेळीच लिहायला हवं होतं.

त्या पिशवीत कॅन्सर निघालाय. पिशवीच्या भिंतीत बराच आत शिरलाय, पण आरपार गेलेला नाही. खड्यांचं म्हणून ऑपरेशन करावं आणि पिशवीत हे निघावं, असं कधी कधी होतं. पिशवी लिव्हरला चिकटून असते. त्यामुळे नुसती पिशवी काढून भागत नाही. तिच्याखालचा लिव्हरचा तुकडा आणि तिथल्या पित्तनळीभोवतीच्या बारीक गाठी काढाव्या लागतात. ते दुर्बिणीतून नाही, पोट उघडून करायचं काम आहे. मी अशा ऑपरेशनला जखम उघडी ठेवायचा आकडा धरून उभा राहिलोय, स्वतः एकही केलेलं नाही. बटण लावता येतं म्हणून कोणी मला सूट शिवायला देऊ नये.

तू विचारशीलच म्हणून सांगतो. वेळेवर नीट साफसफाई झाली, तर तुझ्यासारख्या दहांतली पाच-सहा माणसं पाच वर्षांनंतरही आपापल्या घरी भांडत असतात. इथेच थांबलं तर हा आकडा खूप खाली येतो. आणि हे काम थोड्या आठवड्यांत व्हायला हवं.

आपल्या माणसावर सुरी धरू नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं. एकदा मी ते ऐकलं नाही. आता ऐकू दे. मॅडमकडे जा. हात जोडून सांगतो.

ठोंब्या


२० नोव्हेंबर

ठोंब्या,

तो शब्द तू लिहिलास ते बरं केलंस. तुझे काका रडले. मी रडले नाही, पण हातातली इस्त्री एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर तशीच राहिली आणि पाठीवर तिचा तपकिरी ठसा उठला. आमच्या लग्नानंतर दुकान काढलं, तेव्हापासून माझ्या हातून कपडा जळला नव्हता. माफी मागितली. काय झालं ते सांगितलं नाही.

खरं सांगू? मला भीती वाटते. मरणाची वाटते तितकी सगळ्यांनाच वाटत असेल. पण त्या थंडगार खोलीत, तोंडावर मास्क लावण्याआधी, मी तुझे डोळे बघितले होते आणि मग झोपले. दुसऱ्या कोणाकडे बघत मला झोप येणार नाही. हसू नकोस.

की तू माझ्यावर रागावलायस? वॉर्डात सगळ्यांसमोर तुला ठोंब्या म्हटलं आणि त्या दोन नर्स फिदीफिदी हसल्या, तेव्हा तुझे कान लाल झाले होते. चुकलं माझं. यापुढे चारचौघांत डॉक्टर म्हणेन. पण तेवढ्यासाठी मला दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नकोस. तुला जे येत नाही ते त्या मॅडमकडून शिकून घे. मी थांबते. थांबायची मला सवय आहे.

पत्रं मात्र नीट लिही. हल्ली वकिलाच्या नोटिशीसारखी लिहितोस.

मावशी


२३ नोव्हेंबर

मावशी,

तू थांबू नकोस. तू थांबलीस तर माझ्यामुळे थांबशील, आणि माझ्यामुळे जे व्हायचं ते आधीच झालंय.

रागावलेलो नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटते. का, ते वाच.

ऑपरेशनच्या दिवशी आमचे सर शेजारच्या खोलीत होते. मी त्यांना म्हटलं, सर, घरचंच आहे, मी एकटा करतो, तुम्ही चहा घ्या. तुला सांगितलं होतं ना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझाच हात असेल. आत दुर्बिणीतून पाहिलं तर पिशवी लिव्हरला एका जागी घट्ट चिकटलेली. सहज सुटत नव्हती. इतकी चिकटलेली असली की थांबायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं, हे मला माहीत होतं. सर दहा पावलांवर होते. मी बोलावलं नाही. ओढून सोडवायला गेलो आणि ती फाटली. पित्त पोटात सांडलं, खडे सांडले. एकेक वेचला, पाण्याने धुतलं, पुन्हा धुतलं. पिशवी बाहेर काढताना वेगळ्या थैलीत घालून काढायची, म्हणजे तिचा स्पर्श कापलेल्या जागेला होत नाही. तेही केलं नाही. फाटलीच आहे, आता लवकर उरकावं, असं वाटलं. बेंबीजवळच्या भोकातून तशीच ओढून काढली.

साध्या खड्यांच्या पिशवीत असं झालं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. कॅन्सरच्या पिशवीत झालं तर त्या पित्ताबरोबर त्याचं बी पोटात पसरू शकतं. म्हणजे दहांतली पाच-सहा हा मी तुला सांगितलेला आकडा तुझ्या बाबतीत तितका राहिला नाही, आणि तो माझ्या हाताने कमी झाला.

बाहेर आलो तेव्हा काका माझे हात हातात घेऊन उभे राहिले. तू शुद्धीवर येताच पहिलं वाक्य बोललीस, ‘माझ्या पोराच्या हाताला यश आहे.’ मी हसलो. तेव्हापासून आजवर मी हे कोणाला सांगितलेलं नाही. मोठ्या मॅडमना मात्र आज सकाळी सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, आधी त्यांना सांग, मग त्यांना माझ्याकडे पाठव.

तू ज्याच्यावर भरवसा ठेवून झोपलीस तो त्या लायकीचा नव्हता. आता तरी जा.


५ डिसेंबर

ठोंब्या,

तुझ्या पत्राखाली सही नव्हती.

पत्र आलं त्या दिवशी तू समोर असतास तर मी तुला फोडून काढलं असतं. दहा पावलांवर माणूस चहा पीत बसलाय आणि तू हाक मारत नाहीस! लहानपणी अंधारात पाणी प्यायला जायचं तर सगळं घर उठवायचास. तेव्हा लाज वाटायची नाही. दोन दिवस मी तुझं नाव घरात काढू दिलं नाही. काका बिचारे तुझं नाव न घेता ‘त्याचं पत्र’, ‘त्याच्या मॅडम’ असं बोलत राहिले.

मग मी मॅडमकडे गेले. बाई उंच, कमी बोलणाऱ्या, हात बर्फासारखे गार. स्कॅन झाला, बाकी कुठे काही दिसत नाही म्हणाल्या. मग विचारलं, दुखतंय कधीपासून? मी म्हटलं, या उन्हाळ्यापासून. तुलाही तेच सांगितलं होतं. तेवढ्यात तुझे काका, ज्यांना मी लग्नात ‘हो’ म्हणताना ऐकलं ते शेवटचं, ते बोलले. म्हणाले, डॉक्टर, हिला तीन वर्षं दुखतंय.

हो. तीन वर्षं. तेलकट खाल्लं की उजवीकडे बरगडीखाली कळ यायची आणि खांद्यापर्यंत जायची. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफी करायला लावली. खडे आहेत म्हणाले, आणि एका बाजूला पिशवीची भिंत जाड दिसते, काढून टाका, रेंगाळू नका. मी म्हटलं, माझा भाचा सर्जन होतोय, त्याच्याच हातून काढून घेणार. ते म्हणाले, तो होईपर्यंत? मी म्हटलं, दोनच वर्षं राहिलीत, कुठे पळून जातायत खडे.

तू परीक्षा देत होतास आणि मी तेलकट सोडून दिवस काढत होते. तुला सांगितलं असतं तर तू तेव्हाच कुठेतरी पाठवलं असतंस. तुझ्या पदवीचं पहिलं काम माझं असावं, ही माझी हौस होती. जाड भिंतीबद्दल शेवटपर्यंत बोलले नाही, कारण ते ऐकलं असतंस तर तू सुरी खाली ठेवून सरांना बोलावलं असतंस, हे मला कळत होतं. तुझ्या हातात निखारा दिला आणि कोळसा आहे म्हणून सांगितलं. पोळल्यावर आता तुलाच बोल लावतेय.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. सोळा तारीख दिलीय. जाणार आहे. डोळे मिटायचं कसं ते बघेन.

मावशी


९ डिसेंबर

मावशी,

तुझं पत्र वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. जरा वेळच वाटलं, पण वाटलं. आपल्या मावशीने तीन वर्षं दुखणं अंगावर काढलं हे वाचून माणसाला हलकं वाटतं, तर तो माणूस कसला, सांग. तेव्हापासून त्याचीच जास्त लाज वाटतेय.

तू लपवलंस ते चूक होतं. पण जाड भिंत मला कोणी सांगायची गरज नव्हती. ती माझ्या डोळ्यांसमोर होती, दुर्बिणीच्या पडद्यावर चांगली मोठी दिसत होती. तू सांगितलं नाहीस आणि मी पाहूनही पाहिलं नाही, या दोन गोष्टी मी एका तराजूत घालणार नाही. तूही घालू नकोस.

सोळाला मी येईन. ऑपरेशनच्या खोलीत येणार नाही, मॅडमनी परवानगी दिली तरी नाही. बाहेर काकांजवळ बसेन.

ठोंब्या


२२ जानेवारी

ठोंब्या,

आशीर्वाद. घरी येऊन महिना झाला, लिहायला आत्ता बसवतंय. पोटावर उजवीकडे बरगडीखालून मोठा आडवा टाका आहे, एखाद्या पोत्याचं तोंड शिवावं तसा. मॅडमनी सांगितलं ते काकांनी लिहून घेतलं. लिव्हरचा तुकडा साफ निघाला. आजूबाजूच्या गाठींपैकी एकीत मात्र होतं. म्हणून आता सहा महिने गोळ्या. पुढचं पुढे.

आता माझं ऐक. काका सांगत होते की तू सकाळपासून बाकावर बसून होतास, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीस, आणि मॅडम बाहेर येऊन ‘झालं’ म्हणाल्या तसा उठून निघून गेलास. मी शुद्धीवर आले तेव्हा खाटेशी काका होते आणि एक नर्स होती. मी दाराकडे बघत राहिले. पाच दिवस बघितलं. नर्सला वाटलं मला बाथरूमला जायचंय.

मॅडम म्हणाल्या, तुमचा भाचा हल्ली आपली ऑपरेशनं दुसऱ्यांना देतोय. का रे? मी जगले तरी तू हात बांधून बसणार असशील, तर मग माझ्या पोटाला एवढी भोकं पाडून काय मिळवलं? तुझ्यामुळे मी, माझ्यामुळे तू, असं करत दोघंही घरी बसू या का?

येऊन जा. रागावणार नाही. रागावायला पोटात जोर लागतो, तो सध्या नाही.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

एका गाठीत निघालं याचा अर्थ काळजी घ्यायची, पण हातपाय गाळायचे नाहीत. गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या. जुलाब झाले, तोंड आलं, तर लगेच मॅडमना कळवायचं. तळहात आणि तळपाय लाल होतील, सोलतील. गरम वस्तूला हात लावू नकोस. म्हणजे इस्त्री बंद. मलम पाठवतोय.

ऑपरेशनं पुन्हा करायला लागेन. आत्ता हात थरथरत नाही, पण चिमटा उचलला की तोच क्षण समोर येतो. सर म्हणतात वेळ घे.

इकडे रजेची अडचण आहे. बघतो.

ठोंब्या


३० जुलै

ठोंब्या,

शेवटची गोळी काल घेतली. काकांनी रिकामं पाकीट खिडकीतून फेकलं, मग खाली जाऊन उचलून आणलं, कारण खालच्या बाई ओरडल्या.

हात सोलून निघाले होते, आता नवी कातडी येतेय. बोटांवरच्या रेषा पुसल्यासारख्या झाल्यात. इस्त्री काका करतात. पँटीला तीन-तीन घड्या पडतात. एक जुने मास्तर म्हणाले, बाई, तुम्ही लवकर बऱ्या व्हा, मला शाळेत पोरं हसतात. कालचा स्कॅनही चांगला आला, मॅडमनी तुला सांगितलं असेलच.

तुझं मलम आलं, मोजे आले, ती फळांची पेटी आली, औषधांचं वेळापत्रक आलं. तेवढा तू आला नाहीस. उंटावरून शेळ्या किती दिवस हाकणार आहेस? तुझी आई असती तर कान धरून आणलं असतं. मी पत्रातून कान कसा धरू?

मावशी


६ ऑगस्ट

मावशी,

स्कॅनचं मॅडमनी सांगितलं. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडलो. एक वॉर्डबॉय विचारायला आला, कोणी गेलं का. मी म्हटलं, नाही, उलट.

मी पुन्हा ऑपरेशनं करायला लागलोय. सर शेजारी उभे असतात. परवा एका बाईची पिशवी अशीच चिकटलेली दिसली. मी हत्यार खाली ठेवलं आणि सरांना म्हटलं, तुम्ही बघा. त्यांनी पाहिलं, पोट उघडून काढली. तपासणीत साधी सूज निघाली. बाई सुखरूप घरी गेली. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण एवढं सोपं होतं हेही कळलं, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या महिन्यात नक्की येतो.

ठोंब्या


१७ नोव्हेंबर

ठोंब्या,

पुढचा महिना येऊन गेला, त्याच्या पुढचाही गेला. त्याबद्दल नाही लिहीत.

आज सकाळी आंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. बेंबीच्या अगदी वर, पहिल्या ऑपरेशनचं भोक होतं तिथे. वाटाण्याएवढं, कडक. दाबलं तर दुखत नाही, हलत नाही. तिथून तू पिशवी बाहेर काढली होतीस, तुझ्या पत्रात होतं ते, म्हणून मला ती जागा माहीत आहे.

पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? ठोंब्याला कळता कामा नये. पोरगं आत्ता कुठे उभं राहायला लागलंय, हे ऐकलं तर कोसळेल. मॅडमना गुपचूप दाखवावं, त्यांनाही सांगावं की त्याला बोलू नका, आणि पुढे जे होईल ते वयाच्या नावावर खपवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. साबणाचा फेस अंगावर तसाच घेऊन मी हे सगळं ठरवलंसुद्धा.

मग लक्षात आलं की हेच मी तुझ्या परीक्षेच्या वेळी ठरवलं होतं. अगदी हेच, इतक्याच प्रेमाने.

म्हणून केस पुसायच्या आधी लिहायला बसले. काकांना अजून सांगितलेलं नाही, पहिलं तुला सांगतेय. तुला किती लागेल ते मला माहीत आहे. लागू दे. मी तुझं दुःख वाचवायला गेले की दर वेळी वेळ जाते, आणि आता माझ्याकडे ती किती आहे ते ठाऊक नाही.

गुरुवारी मॅडमकडे जाणार आहे. आलास तर तुझ्याबरोबर जाईन, नाहीतर काकांबरोबर. पण जाणार. या वेळी मी कोणासाठी थांबत नाही.

मावशी


बुधवार

मावशी,

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. तुझ्या हातात देणार आहे, कारण समोर आल्यावर माझ्या तोंडून हे निघणार नाही.

ती गाठ जुन्या टाक्याची असू शकते. असं बऱ्याच वेळा असतं. पण मला वाटतं ती तशी नसेल. फाटलेली पिशवी मी जिथून ओढली, नेमकी तिथेच ती आली आहे. तसं निघालं तर ती माझ्या हाताने तिथे पेरली गेली. ‘कदाचित’, ‘शक्यता’ असले शब्द मला भरपूर येतात, तुझ्यापुढे ते वापरणार नाही.

एकटीच गाठ असेल आणि बाकी पोट साफ असेल, तर ती काढता येते, आणि अशी काढल्यावर माणसं जगल्याची उदाहरणं आहेत. फार नाहीत. आत आणखी काही असेल तर पुन्हा औषधं, आणि मग आपण महिन्यांचं बोलू, वर्षांचं नाही. उद्या मॅडम काय म्हणतील ते मी तुझ्याबरोबर बसून ऐकेन. आत, खुर्चीवर, तुझ्या शेजारी. बाहेरच्या बाकावर नाही.

वर्षभर मी आलो नाही, ते लाजेपोटी असं तुला वाटलं असेल. लाज होतीच. पण तू रागावून चार शिव्या दिल्या असत्यास तर मी कधीच आलो असतो. मला भीती होती की तू दार उघडशील, माझ्याकडे पाहशील आणि तुला आनंद होईल. तो मला सोसणार नव्हता. तो टाळायला मी तुला रजेची थाप मारली, मोजे पाठवले, फळं पाठवली. तू पाच दिवस दाराकडे बघत होतीस हे वाचलं, तरीही नाही आलो. पिशवी फाटली ती घटकेची गोष्ट होती. ही चूक मी वर्षभर रोज, समजून उमजून केली.

माफ कर असं लिहिणार नाही. तू करशील, आणि लगेच चहाला आधण ठेवशील, मला ठाऊक आहे. गाठीला हात लावून बघायला मी आलोय. माझे हात धुतलेले आहेत आणि गार आहेत.

वाचून झालं की वर बघ. मी समोर उभा आहे.